लांबलचक टॅटूसाठी प्रिलॉक्स क्रीम : कुठपर्यंत साथ देतं?

प्रिलॉक्स हे टॅटूआधी लावायचं, त्वचा बधिर करणारं क्रीम. त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधं, दोन्ही अडीच-अडीच टक्के. नागपुरात सीताबर्डी-धरमपेठेतल्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारा, पण ट्यूबचा आकार बघून घ्या. दर 10 चौ.सेंमी.ला दीड-दोन ग्रॅम लागतं. म्हणजे तळहाताएवढ्या, साधारण 100 चौ.सेंमी.च्या डिझाइनला 15 ते 20 ग्रॅम. 5 ग्रॅमची ट्यूब तिथे पुरत नाही.

क्रीम चोळून जिरवायचं नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. पांढरा जाड थर तसाच ठेवून वर क्लिंग फिल्म लावायची, कडा टेपने बंद करायच्या आणि किमान 60 मिनिटं थांबायचं. नागपूरच्या मे महिन्यात घरून लावून गाडीवर निघालात, तर घामाने टेप सुटतो आणि क्रीम ओघळतं. स्टुडिओत, कूलरसमोरच लावा.

पुसल्यावर साबणाने धुऊन कोरडं करा. तेलकटपणा राहिला की स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा छाप, धरत नाही. त्वचा थोडा वेळ पांढुरकी पडते, त्याने घाबरू नका.

परिणाम एक ते दोन तास, नंतर दुखणं एकदम परततं. चार तासांच्या बैठकीत म्हणूनच बरगडी किंवा कोपराची आतली बाजू आधी उरकून घ्या. सुई फिरलेल्या जागी पुन्हा हे क्रीम मुळीच नको, उघड्या त्वचेतून औषध जास्त शोषलं जातं. ओठ निळसर झाले, गरगरलं, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. गरोदर असाल किंवा हृदयाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.