स्विंगमध्ये बटणांच्या वर चित्र काढायचंय? जेलेयर घ्या, माझे चार दिवस वाचले असते

आजकाल स्विंग (जावात खिडक्या-बटणं बनवायची जुनी लायब्ररी) कोण वापरतं असं विचारणाऱ्यांनी इथूनच मागे फिरा. आमच्याकडे एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवरचं जावाचं सॉफ्टवेअर आहे, जुनं पण धडधाकट, त्यात प्रत्येक खुर्ची म्हणजे एक जेबटन, स्विंगचं बटण. मॅनेजर म्हणाले, शाळेचा ग्रुप आला की चाळीस खुर्च्या एकेक क्लिक करत बसावं लागतं, माऊस ओढून चौकोनात घेता येतील का? म्हटलं त्यात काय, संध्याकाळपर्यंत देतो.

आधी ज्यावर सगळ्या खुर्च्या बसवल्यात त्या पॅनेलची पेंट, म्हणजे रंगवायची मेथडच ओव्हरराइड केली, सुपर कॉल करून (मूळचं रंगकाम उरकून) झाल्यावर वर निळा चौकोन. पहिल्यांदा मस्त दिसला. मग खुर्च्यांवरून माऊस फिरला आणि चौकोन उंदराने कुरतडल्यासारखा. होतं काय, पॅनेल आधी स्वतःला रंगवतं, मग बॉर्डर, मग पोरांना, म्हणजे आतल्या बटणांना, पण बटण ओपेक (अपारदर्शक) असेल तर होव्हरला ते एकटंच स्वतःला रंगवून घेतं, पॅनेलला विचारतसुद्धा नाही, मग त्या जागेवरचा तुमचा निळा रंग गेला. बग नाही हा, स्विंग असंच चालतं, मलाच माहीत नव्हतं.

मग जेलेयर्डपेन, कंपोनंट (बटणं, पॅनेल वगैरे) एकावर एक थरांत ठेवणारा डबा. नावावरून वाटतं हेच पाहिजे होतं. लेयरचे आकडे ठरलेले आहेत, डीफॉल्ट 0, पॅलेट 100, ड्रॅग 400, मोठा आकडा वर. पण एकाच लेयरच्या आत मात्र पोझिशन 0 सगळ्यात वर, म्हणजे बरोबर उलटं! आणि ॲड करताना साधा इंट, म्हणजे नुसता आकडा 100 दिलात तर तो लेयर न धरता पोझिशन धरला जातो, एरर नाही काही नाही, कंपोनंट गुपचूप शून्य लेयरच्या तळाला जाऊन बसतो. तोच आकडा गुंडाळलेला इंटिजर ऑब्जेक्टच द्यावा लागतो. एक अख्खी दुपार गेली माझी यात. शिवाय जागा आपोआप ठरवणारा लेआउट मॅनेजर नसतो, सेटबाउंड्सने जागा आणि माप द्यायला विसरलात की स्क्रीन कोरी. हे सगळं जमवून चौकोन नीट आला, पण वरच्या पारदर्शक पॅनेलला माऊस लिसनर (माऊसच्या हालचाली ऐकणारा कोड) लावला की खालच्या खुर्च्यांना क्लिकच पोचेना. ग्लासपेन, म्हणजे अख्ख्या विंडोवरची पारदर्शक काच, तिचंही तेच रडगाणं.

शेवटी जेलेयर. जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून आत आहे आणि मी तो आत्ता उघडून बघतोय, बोला. तुमचं पॅनेल त्यात गुंडाळायचं, लेयरयूआयचा (लेयरने काय रंगवायचं, काय ऐकायचं ते सांगणारा) एक छोटा क्लास लिहायचा, त्याच्या पेंटमध्ये आधी सुपर आणि मग आपलं चित्र. आतलं बटण रीपेंट झालं तरी रंगकाम लेयरमधूनच जातं, त्यामुळे कुरतडणं बंद. आणि माऊसचे इव्हेंट लेयरलाही दिसतात नि खुर्चीलाही मिळतात! जुन्या कोडला हात लावावा लागला तो एका ओळीत, जिथे पॅनेल स्क्रोलपेनमध्ये टाकलं होतं तिथे. स्क्रोलिंगही बिघडलं नाही.

एक स्टार कापतोय तो इव्हेंटसाठी. लेयरयूआयच्या इन्स्टॉलयूआय मेथडमध्ये इव्हेंट मास्क (कोणते इव्हेंट हवेत ते) लावला नाहीत तर काहीच येत नाही, आणि अनइन्स्टॉलमध्ये तो आठवणीने काढायचा. त्यात इव्हेंटचे कोऑर्डिनेट त्या बटणाचे असतात, लेयरचे नाही. माझा चौकोन कुठूनही ओढला तरी डाव्या वरच्या कोपऱ्यातूनच निघायचा, मी आपला गणित तपासतोय! कन्व्हर्टपॉइंटने ते लेयरच्या हिशोबात बदलल्यावर सुटलं.

ओढताना अख्खा लेयर रीपेंट करू नका, जुना आणि नवा चौकोन मिळून जेवढा भाग होतो तेवढाच रीपेंटला द्या. बाल्कनीसकट सगळ्या खुर्च्या दर हालचालीला रंगवत बसलं की खिडकीवरचा जुना पीसी धापा टाकतो.