मालदांडी की फुले वसुधा? भारी रानातल्या रब्बी ज्वारीसाठी

सोलापूर भागात रब्बी ज्वारी म्हटलं की मालदांडी, हे ठरलेलंच असतं. आडतीवर तर कुठलीही पांढरी शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, मालदांडी म्हणूनच विकली जाते. त्यामुळे फुले वसुधा या दुसऱ्या वाणाचं नाव काढलं की घरातून पहिला प्रश्न येतो, भाकरी कशी होते? प्रश्न रास्त आहे. आपण शाळू आधी घरासाठी आणि जनावरांसाठी पेरतो, बाजारासाठी नंतर. मी दोन्ही वाण काळ्या रानात घेतलेत, काही हंगाम तर शेजारी शेजारी.

आधी रानाची खोली पाहा. माती 60 सेंटिमीटरच्या आत असेल तर वसुधाचा विचार सोडा. ती भारी जमिनीची आहे. मध्यम रानाला मालदांडी 35-1 किंवा फुले सुचित्रा आणि अगदी हलक्या, फुटभर मातीला फुले अनुराधा किंवा माऊली बरी. भारी रानात भरपूर पाणी असेल तर फुले रेवतीही बघावी. खरी निवड पडते ती खोल काळ्या रानात, जिथं एखादं संरक्षित पाणी, म्हणजे ओल कमी पडताना पीक वाचवायला दिलेलं पाणी, देता येतं. पुढचं सगळं त्याच रानाबद्दल.

मालदांडीबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक ज्वारीतून हा वाण निवडला गेला. त्यानंतर किती वाण आले आणि गेले, ही अजून पेरली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे याच जातकुळीची पुण्याई आहे. पाऊस दगा देऊन गेला तरी ही घरापुरतं धान्य देते. कडबा बारीक, जनावर बुडख्यापर्यंत खातं, दावणीत उष्टं फारसं राहत नाही.

भाकरीचं म्हणाल तर आमच्या आईच्या मते मालदांडीची गोडी जरा वेगळीच. मला ताज्या भाकरीत फरक कळतो, पण थोडासाच. वसुधाचं पीठही चांगलं थापतं, भाकरी पांढरीशुभ्र होते आणि सकाळी शेतात नेलेली दुपारीही मऊ असते. चवीत मालदांडी अर्धं पाऊल पुढे, असं मी म्हणेन. ज्यांना तेवढी गोडी सगळ्यात महत्त्वाची, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझा निर्णय झाला तो लोळण्यावर. मालदांडीचं ताट उंच आणि सडपातळ. कोरडवाहूत ते निभावतं. पण पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पाणी दिलं, थोडं नत्र जास्त झालं, कणसं चांगली भरली आणि नेमका त्याच सुमारास वारा सुटला की पीक आडवं होतं. दुसरीकडे फुलोऱ्यानंतर ओल तुटली तर खडखड्या रोग येतो, बुडखा पोकळ होतो आणि पीक पुन्हा आडवंच. म्हणजे पाणी दिलं तरी धाक, नाही दिलं तरी धाक.

आडवी ज्वारी ज्यानं उपटून काढली त्यालाच हा त्रास कळेल. ताटं एकमेकांत अडकलेली असतात, एक ओढावं तर चार हलतात. उभ्या पिकात बायका सपासप पात धरून पुढं जातात, लोळलेल्या रानात त्यांची कंबर मोडते. उक्तं घेणारी टोळी रान बघून एक तर दर वाढवते, नाही तर पाठ फिरवते, आणि त्यांचंही बरोबरच आहे. जमिनीला टेकलेली कणसं उंदीर धरतात, दाण्याला माती लागते, कडबा काळवंडतो. पेंढी बांधायला घेतली की निम्मी पानं हातात गळून येतात. धान्यात झालेलं नुकसान मी सोसेन, पण वर्षभराची वैरण अशी खराब झालेली मला बघवत नाही.

वसुधा या बाबतीत मला सरस वाटली. ताट भरीव आणि रसाळ, त्याच रानात त्याच वाऱ्याला ती बहुतेक उभी राहिली. खडखड्या आणि कोवळ्या रोपाचा पोंगा मारणाऱ्या खोडमाशीला ती प्रतिकारक आहे, अशी राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस सांगते, आणि माझ्या रानातला अनुभव तरी त्याच्या उलट नाही. दाणा टपोरा, चमकदार, मापात भरतो. एक उणीव सांगायला हवी. बुडखे जाड असल्यानं अख्खी पेंढी टाकली तर जनावर खालचा भाग सोडतं. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करूनच घालावी लागते. कुट्टी यंत्र नसेल तर हे लक्षात घ्या.

तुमच्या शिवाराचा वारा, पाणी वेगळं असू शकतं, तेव्हा मी मालदांडी सोडा असं म्हणणार नाही. पाण्याची अजिबात सोय नसलेल्या तुकड्यात मीही ती ठेवतोच. पण रान खोल असेल, एक पाणी हाताशी असेल आणि काढणीला माणसं मिळणं अवघड होत चाललं असेल, तर निदान निम्मं रान वसुधाला द्यावं असं मला वाटतं.

दोन्ही सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, बी घरचं धरता येतं. मात्र ज्वारीत थोडं परपरागीभवन होतं, म्हणून शेजारी पेरलीत तर बियाण्याची कणसं बांधाकडची न घेता प्रत्येक तुकड्याच्या मधली निवडा. पेरताना किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम 300 मेश (बारीक भुकटीचं) गंधक चोळा, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा काणी रोग येत नाही. आणि पेरणी 15 सप्टेंबरच्या आत घाईनं उरकू नका, लवकर पेरलं तर खोडमाशी प्रतिकारक वाणालाही पुरती सोडत नाही.