काष्ठौषधींच्या दुकानातली राळ आणि तिचे घरगुती मलम

टाचांच्या भेगांवर लावायचे राळेचे मलम घरी चांगले होईल की नाही, हे बरेचसे राळ विकत घेतानाच ठरते. पुण्यात मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या ज्या जुन्या दुकानातून मी ती घेते, तेथे आधी ‘धुपाला हवी की औषधाला?’ असे विचारतात, आणि एवढ्यावरूनही ते दुकान मला विश्वासाचे वाटते. राळ म्हणजे साल वृक्षाच्या खोडातून पाझरून वाळलेला चीक. येथे मिळणारे खडे फिकट पिवळसर, धुळकट आणि इतके ठिसूळ असतात की नखाने दाबले तरी कोपरा तुटतो. काचेसारखे चकचकीत आणि तापवल्यावर टर्पेंटाइनचा वास सोडणारे खडे मात्र बहुधा चिडापासून काढलेल्या रोझिनचे असतात, आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. म्हणूनच याच दुकानातली तयार भुकटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही.

खडे खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करावेत. चार भाग तिळाचे तेल मंद आचेवर कोमट करून विस्तव बंद करावा, मगच एक भाग राळ थोडी थोडी घालून ढवळावी आणि ती विरघळली नाही तर पुन्हा अगदी मंद आच द्यावी. दशावतारात मशालीवर भिरकावताच जिचा भडका उठतो तीच ही राळ, तेव्हा पेटत्या शेगडीवर तिची भुकटी उडू देणे धोक्याचे आहे. हे तेल गाळून, निवल्यावर परातीतल्या गार पाण्यात ओतावे आणि तळहाताने फेसत, पाणी बदलत राहावे. तपकिरी तेल हळूहळू पाणी धरून फुगते, पांढरे होते आणि लोण्यासारखे हाताला लागते. येथे घाई करणाऱ्याच्या हाती चिकट तेलच उरते.

रात्री पाय धुऊन, पुसून लावल्यास कोरड्या भेगांची आग लवकर शमते आणि कडा मऊ पडतात. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर पाहावे. रक्त येणाऱ्या खोल भेगांवर मात्र ते लावू नये, आणि मधुमेह असणाऱ्यांनी पायावर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे. मलमात पाणी असल्याने ते फार टिकत नाही. थोडेच करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे.

दुकानाबद्दल तक्रार एकच: राळ कागदाच्या पुडीत देतात आणि घरी येईपर्यंत खड्यांचा चुरा होतो, म्हणून जाताना झाकणाचा डबा न्यावा.