सेल नकली, आणि दोष आमच्या चार्जिंगला

टॉर्चसाठी मी ऑनलाइन १८६५० आकाराचे लिथियम-आयन सेल मागवले. वेष्टनावर ठळक अक्षरांत क्षमता ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप), वर चार्जर फुकट. पहिल्या चार्जिंगपासूनच टॉर्च थोड्या वेळात मंद व्हायला लागली.

तक्रार केली तर विक्रेत्याने उलट मलाच सुनावलं, "तुम्ही चार्जिंग नीट करत नाही. दर वेळी सेल पूर्ण उतरू द्या, मग रात्रभर लावा आणि वापर नसेल तेव्हा फुल्ल करूनच ठेवा." एवढ्या ठामपणे सांगितल्यावर बहुतेक जण गप्प बसतात, आणि नेमका इथेच माल खपतो. मला याचीच जास्त चीड आली. सेल पूर्ण उतरवायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब होऊ लागतो. बरेच दिवस ठेवायचा तर अर्ध्याच्या आसपास, म्हणजे ३.७ ते ३.८ व्होल्टवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचा. पूर्ण भरलेला सेल उन्हात किंवा गरम गाडीत पडून राहिला तर त्याची क्षमता झपाट्याने घटते. मी सेल असेच सांभाळतो.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. या आकाराचा चांगला सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. हे सेल जेमतेम ३० ग्रॅमचे! क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावले, तर आकडा हजारापर्यंतही पोचेना. मुळात १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या डबीत नामांकित कंपन्यासुद्धा साधारण ३५०० एमएएचपर्यंतच पोचल्या आहेत. त्यामुळे ५०००, ६८००, ९९०० असले आकडे दिसले की पुढे काही तपासायची गरजच नाही. बाजारात जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधले थकलेले सेल काढून, नवं रंगीत प्लास्टिक चढवूनही विकतात, त्यामुळे चकचकीत वेष्टनावर जाऊ नका.

पण खरी भीती त्या फुकटच्या चार्जरची. साध्या लिथियम-आयन सेलचं चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबायलाच हवं. याचा हिरवा दिवा लागल्यावरही व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरवर आकडा चढतच होता. ४.३५ दिसले, सेल हाताला चांगलाच गरम लागला, तेव्हा मी चार्जर बंद केला. विक्रेत्याच्या सल्ल्याप्रमाणे हे रात्रभर लावून कोणी झोपलं असतं तर? अति चार्ज झालेला सेल पेट घेऊ शकतो. घरात लहान मुलं असतील तर असला चार्जर आणूच नका.

काट्यावरच्या सेलचे आणि मल्टिमीटरचे फोटो विक्रेत्याला पाठवले. लगेच सूर बदलला. अर्धे पैसे परत देतो, फक्त वाईट अभिप्राय काढून टाका. मी नकार दिला आणि तेच फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून थेट संकेतस्थळाकडे तक्रार केली. तेव्हा कुठे पूर्ण पैसे मिळाले. म्हणून माल हातात आल्या आल्या वजन करा, परतीची मुदत संपायची वाट पाहू नका.

आत काय भरलंय ते बघायला सेल कापू नका, शॉर्ट होऊन आग लागते. मी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलनात दिले. चार्जरची वायर आधी कापली, म्हणजे कोणी तो उचलून पुन्हा वापरायला नको.