वीस क्रौंच, एक छप्पर आणि जरा जास्तच निळं आभाळ

आमची धाकटी चीनमधल्या शेनयांगला मेडिकलला होती. शेवटच्या सुट्टीत येताना तिथल्या एका दुकानातून माझ्यासाठी चित्राची गुंडाळी घेऊन आली: सोंग घराण्याचा सम्राट हुईझोंग याच्या नावावरचं, १११२ सालचं ‘शुभ क्रौंच’. मूळ चित्र त्याच शहरातल्या ल्याओनिंग संग्रहालयात आहे. या छापील प्रतीला दोनशे युआन पडले म्हणाली.

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे आधी टेप लावला. उंची ५१, लांबी १३८ सेंटीमीटर. मूळ मापाबरहुकूम.

चिनी फुला-पक्ष्यांच्या चित्रांत पक्ष्याला टेकायला फांदी असते, फार तर खडक. इथे राजवाड्याच्या दरवाज्याचं छप्पर आहे! अठरा क्रौंच वर घिरट्या घालतायत आणि दोघं आढ्याच्या दोन टोकांवरच्या नक्षीवर एकेक उतरलेत. कौलांच्या ओळी पट्टी लावून ओढलेल्या. या पद्धतीला तिकडे ‘ज्येहुआ’ असं स्वतंत्र नाव आहे, हे कळल्यावर मला उगाचच आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. छपराखालचं बांधकाम मात्र सगळं ढगांत. आमच्या साहेबांनी असलं ड्रॉइंग तोंडावर फेकलं असतं.

गंमत अशी की चित्रातलं छप्पर नवंकोरं आहे, म्हातारं झालंय ते ज्यावर काढलंय ते रेशीम. तपकिरी पडलंय, भेगाळलंय. पंधरा वर्षांत, ११२७ साली, उत्तरेकडच्या जिन राज्याच्या फौजांनी त्याची राजधानी काइफंग घेतली, हुईझोंग कैदेत गेला. तो दरवाजा आज नाही. जुनं शहर पिवळ्या नदीच्या गाळाखाली आहे. रेशमावरच्या भेगा प्रतीत इतक्या हुबेहूब उतरल्यात की पहिल्या दिवशी मी धूळ समजून ओल्या फडक्याने पुसायला गेलो. बायकोने वेळीच हात धरला.

तक्रारी दोन. एक, आभाळ. प्रसंग संध्याकाळचा, मूळ चित्रातली निळाई मंद. या प्रतीत ती स्विमिंग पूलसारखी झालीय. घेणाऱ्याने दुकानात दोन-तीन प्रती शेजारी उलगडून बघाव्यात आणि सगळ्यात फिकी उचलावी. दुसरी, खालचा दांडा फारच हलका. पंखा लावला की गुंडाळी भिंतीवर टकटक वाजते. सध्या मी दांड्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्याने एकेक नट बांधलाय.