स्प्लेंडर, आरएक्स की बुलेट? घरी गाडी बनवायची तर कुठली घ्यावी

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, जेमतेम आठ बाय बारा फूट. गेल्या काही वर्षांत तिथे तीन जुन्या गाड्या पूर्ण खोलून परत उभ्या केल्या: एक स्प्लेंडर, एक यामाहा आरएक्स १०० आणि थोरल्या मामांची कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट. त्यामुळे रविवारी कोणी ना कोणी पोरगा येऊन विचारतोच, "काका, जुनी गाडी घेऊन कॅफे रेसर करायचीय, कुठली बघू?" कॅफे रेसर म्हणजे सपाट हँडल, छोटी सीट आणि कमीत कमी सामान अशी जुन्या धाटणीची गाडी. येझदी आहे, सामुराई आहे, पहिली पल्सर आहे. पण सांगली-मिरजेत बघायला मिळतात आणि ज्यांचे नटबोल्ट मी स्वतः फिरवलेत त्या या तीनच, म्हणून त्यांच्याबद्दलच बोलतो.

आधी कायद्याचं, कारण पुढची निवड त्यावरच ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून फ्रेम कापायची नाही, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं नाही. रंग आरसीवर असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यायची. माझ्या शेडमध्ये जे बोल्ट काढून निघतं आणि बोल्ट मारून परत बसतं तेवढंच बदलतो: सीट, हँडल, मडगार्ड. आरसे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट जागेवर राहतात. काढलेला मूळ माल पोत्यात नीट बांधून माळ्यावर ठेवतो, कारण १५ वर्षं उलटलेल्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायची तर गाडी घेऊन आरटीओत उभं राहावं लागतं.

आता हेच धरून तिघींकडे बघा. न कापता देखणी दिसण्यात बुलेट पहिली. टाकी, इंजिन, मागचं मडगार्ड, सगळं मुळातच भारदस्त. एकेरी सीट आणि जरा सपाट हँडल बसवलं, टाकी नीट पॉलिश केली की लोक वळून बघतात. आरएक्स दुसरी, बारीक आणि सडपातळ, तिच्यावर लांब सपाट सीट शोभते. स्प्लेंडर इथे मागे पडते हे मान्य करायला हवं. इंजिन छोटं आणि आडवं, वर मोठी टाकी ठेवली की गाडी बेडकासारखी दिसते. तिची मूळ टाकीच ठेवावी आणि गोल हेडलाइट, छोटं मागचं मडगार्ड यावर समाधान मानावं.

पण घरी बनवायची गाडी नुसत्या रूपावर घेत नाहीत.

बुलेट घ्या. वजन १६० किलोच्या वर. इंजिन फ्रेममधून काढायला दोन माणसं लागतात, शिवाय एखादा ओंडका किंवा चेनब्लॉक (साखळीची कप्पी). जुन्या गाडीत गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. त्याची सवय व्हायलाच महिना जातो. महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या खोलीत उतरतं. मग किक दगडासारखी लागते, चालू झाली तर निळा धूर. नवखा माणूस घाबरून इंजिन खोलतो, खरं तर ड्रेन बोल्ट काढून ऑइल परत त्याच्या टाकीत भरायचं असतं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ती फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, अंदाजाने नाही. मामांची बुलेट मला घरात मिळाली म्हणून परवडली. विकत घेऊन वर हेड, बोअर, क्रँक करायचं म्हटलं तर खर्चाला तळ नाही.

आरएक्स १०० वर माझा जीव आहे, म्हणून तिच्याबद्दल जपून लिहितो. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि शंभर किलोच्या आसपास वजन. यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना ती ज्या तऱ्हेने वर झेपावते ती मजा दुसऱ्या कुठल्या शंभर सीसीच्या गाडीत नाही. अडचण अशी की तिचे भाव आता वेड्यासारखे झालेत आणि दिसायला चकचकीत, आतून पोकळ अशा गाड्या भरपूर आहेत. बघायला गेलात तर पहिला प्रश्न विचारा: बोअर कितवा, म्हणजे सिलिंडर आतून घासून कितव्यांदा मोठा केलाय? मूळ पिस्टन ५० मिलिमीटरचा. ५०.२५, ५०.५० असं करत ५१ पर्यंत गेलेली गाडी म्हणजे आयुष्य संपत आलेला सिलिंडर. दुसरं म्हणजे क्रँकचे ऑइल सील. आरएक्स टू-स्ट्रोक आहे आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँकच्या खोलीतूनच वर जातं. मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो. आणि सायलेन्सरला हात लावू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे, त्याचा आकार बिघडला की ताकदही बिघडते. कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.

स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली, तिचं ९७.२ सीसीचं इंजिन त्याच कंपनीच्या आधीच्या सीडी १०० मधलंच. तिची थोरवी मला एका फसवणुकीतून कळली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून मी स्प्लेंडर घेतली. "घरची गाडी, एकहाती," असं तो म्हणाला. घरी आणून १७ च्या पान्याने ड्रेन बोल्ट काढला तर ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी घळाघळा बाहेर आलं. हेडलाइट उघडली, तर आत वाळलेल्या गाळाची सरळ आडवी रेघ. पाणी कुठवर चढलं होतं ते गाडीनेच लिहून ठेवलं होतं. मागचा ड्रम खोलला, त्यातही करडी बारीक माती. वायरिंगची तांब्याची टोकं हिरवी पडलेली.

त्या रात्री मी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर बेअरिंग, वायरिंग, क्लच प्लेट, टायमिंग चेन, पिस्टन किट सगळं एका फेरीत मिळालं, खिशाला झेपेल अशा भावात. तेवढ्याच बुडालेल्या आरएक्ससाठी मी सहा महिने फिरलो असतो आणि बुलेटसाठी कर्ज काढलं असतं. त्या स्प्लेंडरवर मी टॅपेट लावायला (व्हॉल्व्हची फट जुळवायला) शिकलो, कार्ब्युरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकायला शिकलो, आणि चुकलो तेव्हा चूक स्वस्तात पडली.

म्हणून पहिली गाडी असेल, हाताशी पान्यांचा एक सेट आणि फक्त रविवार असेल, तर स्प्लेंडर घ्या. आरएक्स त्याने घ्यावी ज्याने एकदा तरी पिस्टन बदललाय आणि ज्याच्या ओळखीत मिश्रणाचा कान असलेला जुना मिस्त्री आहे. बुलेट वडिलांची किंवा मामाची घरात पडून असेल तरच, आणि तीही दुसरी किंवा तिसरी म्हणून. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर पाना हातात घेण्याआधी नाव बदलून घ्या.

वेल्डिंगचं आणि पावडर कोटिंगचं काम घरी करू नका, त्यासाठी कुपवाड एमआयडीसीत माणसं आहेत. पेट्रोलची टाकी तर कधीच घरी वेल्ड करू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, ठिणगी पडली की फुटते.

आणि गाडी बघायला जाताना खिशात एक पेन्सिल, पातळ कोरा कागद आणि छोटा पॉलिश पेपर ठेवा. चासी नंबरावरचा गंज हलक्या हाताने पुसायचा, कागद वर धरून पेन्सिल आडवी घासायची, नंबर कागदावर उमटतो. तो आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघायचा. इंजिन नंबरही तसाच. एक अक्षर जरी पुसट किंवा ठोकल्यासारखं वाटलं तरी विसार द्यायचा नाही, गाडी कितीही सुंदर असो.