मोटुल आरबीएफ ६००: ट्रॅकवर जायच्या आधी पहिला खर्च ह्याच ब्रेक फ्लुइडच्या बाटलीवर करा

सांगली-मिरज भागात पोलो, आय२० एन लाइन, जुनी अबार्थ पुंटो असल्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक ठरलेला क्रम आहे. आधी एअर फिल्टर, मग आवाजासाठी एक्झॉस्ट, मग पुण्याला जाऊन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), आणि ब्रेकचं विचारलं की "आहेत की कंपनीचे, थांबतीय की गाडी" असं उत्तर. रस्त्यावर थांबतेच ती, प्रश्न तो नाहीच. प्रश्न ट्रॅकवरच्या सेशनमधल्या पाचव्या-सहाव्या लॅपला (चकरेला), सरळ पट्टा संपताना थांबते का हा आहे, आणि तिथं रीमॅप कामाला येत नाही, उलट अजून जास्त स्पीडनं तुम्हाला त्याच वळणावर आणून सोडतो.

माझी गाडी पोलो १.० टीएसआय, ६ स्पीड मॅन्युअल, ११० पीएस, पुढं डिस्क, मागं ड्रम. हीच रोज ऑफिसला आणि हीच ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे आमच्यासाठी बहुतेक वेळा कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे (फॉर्म्युला मारुती बनवणारे एस. करिवर्धन, त्यांच्या नावाचा), २.१ किलोमीटरचा. सांगलीतून बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, सेलम करत हजाराच्या आसपास किलोमीटर जायचं, दिवसभर गाडी पिळायची आणि त्याच गाडीत बसून घरी यायचं. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांचं गणित वेगळं, आपलं वेगळं.

आता बाटलीकडं येऊ. आरबीएफ ६०० हे डॉट ४ जातीचं (डॉट म्हणजे ब्रेक फ्लुइडच्या प्रतीचा नंबर) रेसिंग ब्रेक फ्लुइड, आपल्या गॅरेजच्या भाषेत ब्रेक ऑइल. अर्ध्या लिटरची बाटली, किंमत दीड-दोन हजारांच्या घरात, कुठून घेताय त्यावर. कंपनी सांगते ताजं असताना ३१२ डिग्री सेल्सिअसला उकळतं. साध्या डॉट ४ ला नियमाप्रमाणं किमान २३० डिग्री लागतात, डॉट ३ ला २०५. म्हणजे साध्याच्या मानानं ऐंशी डिग्रीची जास्तीची जागा मिळतीय आणि पैसे एवढ्याचेच आहेत.

ही जागा कशाला लागते ते बघा. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १२०० किलो धरा, १४० वरून ६० वर आणायचीय. तेवढ्या एका ब्रेकिंगमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात चहाच्या गाड्यावरचं दोन लिटर पाणी गार असताना ठेवलं तर उकळून निघेल. चार-पाच सेकंदात. आणि दोन मिनिटाच्या आत परत तेच, परत तेच, त्यातली मोठी वाटणी पुढच्या दोन डिस्कवर. डिस्कची उष्णता पॅडमध्ये, पॅडची पिस्टनमध्ये आणि पिस्टनच्या पाठीमागं फ्लुइड उभं. ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, त्यामुळं तुम्ही पाय देताय आणि पेडल नुसतं खाली चाललंय, गाडी आपल्या तंद्रीत पुढं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण लोक दोन वेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरतात. पेडल मऊ पडून खाली जातंय तर फ्लुइड उकळलंय. पेडल घट्ट आहे, तुम्ही दोन्ही पाय देऊन उभं राहायच्या बेतात आहात तरी गाडी थांबत नाही, तर पॅड तापून हरलेत. पहिल्याला औषध ही बाटली, दुसऱ्याला ही बाटली काहीही करणार नाही, तिथं पॅडच बदलायला लागतात. मी पुढं फेरोडो डीएस२५०० टाकलेत, रस्त्यावरही चालतात आणि ट्रॅकवर सेशन निभावतात, सकाळी गार असताना थोडा आवाज करतात, विश्रामबागेतल्या सिग्नलला लोक वळून बघतात, बघू देत. पण क्रम सांगायचा तर फ्लुइड आधी, पॅड नंतर, कारण पॅडचं बजेट कुठल्या कुठं जातं.

फ्लुइड टाकल्यावर ब्रेक "भारी" झाले असं जे म्हणतात त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका. शहरात ह्या फ्लुइडनं ब्रेकिंगमध्ये काडीचा फरक पडत नाही. पेडल कडक वाटतंय ते जुनी हवा निघाली म्हणून, तसं पेडल साध्या डॉट ४ नं नीट ब्लीडिंग (लाइनीतलं जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढणं) केलं तरी मिळतं. आरबीएफचं काम वेगळंय: पहिल्या लॅपला पेडल जिथं होतं तिथंच ते शेवटच्या लॅपला ठेवणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मला विचाराल तर सगळा पैसा ह्याच्यासाठीच वसूल आहे, कारण पेडल रोज वेगळं असेल तर ड्रायव्हिंग शिकताच येत नाही.

कसं ते सांगतो. ट्रॅकवर शिकताना एक ब्रेकिंगचा पॉइंट धरायचा असतो, १०० मीटरचा बोर्ड असेल, रंगवलेला कर्ब असेल, कडेचा एखादा खांब असेल. दर लॅपला तिथंच पाय, तेवढ्याच जोरात, आणि मग बघायचं की वळणाच्या तोंडाला स्पीड जास्त उरला का कमी. जास्त उरला तर पुढच्या लॅपला थोडं अलीकडं, कमी उरला तर थोडं पलीकडं. हा हिशोब बसायचा तर एकच गोष्ट बदलली पाहिजे, ती म्हणजे तुमचा पाय. पेडलच दर लॅपला बोटभर खाली जात असेल तर चुकलं कोण, तुम्ही का गाडी, हे कळणार कसं? मग माणूस काय करतो, भीतीनं लय अलीकडं ब्रेक धरतो आणि हलका धरून लांबपर्यंत ओढत नेतो. तेवढीच ऊर्जा जिरवायचीय पण पॅड डिस्कला जास्त वेळ घासत राहतात आणि गार व्हायला वेळ कमी मिळतो, म्हणजे भीतीनं जे केलं त्यानंच ब्रेक अजून तापले.

शेजारी बसणारे इन्स्ट्रक्टर हेच ओरडून सांगत असतात: गाडी सरळ असताना जोरात आणि थोडक्यात ब्रेक मारा, मग पाय झटकन उचलू नका, वळायला लागेल तसा सोडत आणा. झटकन सोडला की पुढच्या चाकांवरचं वजन उठतं आणि पोलोसारखी पुढून ओढणारी गाडी नाक बाहेर काढून सरळ जाते, मग लोक म्हणतात टायर बेकार. टायर बेकार नसतात (कधीकधी असतात). नजर वळणाच्या पुढं, एपेक्स (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते तो पॉइंट) थोडा उशिरा धरायचा, स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा अॅक्सिलरेटर. आणि हील-टो (ब्रेकवर पाय ठेवूनच टाचेनं अॅक्सिलरेटर मारत गिअर खाली टाकणं) करणार असाल तर पेडलची उंची कायम राहणं ह्याला अजून महत्त्व आहे, ब्रेक पेडल अॅक्सिलरेटरच्या खाली गेलं की टाच फिरवायला जागाच राहत नाही, ब्लिप (अॅक्सिलरेटरचा छोटा झटका) मारायला जावं तर पाय हवेत.

आता बसवायचं काम. मी करतो कुपवाड एमआयडीसीकडच्या एका छोट्या गॅरेजात, मिस्त्री अण्णा वयानं मोठे, हात चांगला, पण बाटली बघून पहिला शब्द "दोन हजाराचं ब्रेक ऑइल? साहेब, दोनशेचं टाकू की, तेच काम करतंय." म्हटलं अण्णा, टाका तुम्ही, मी कोइंबतूरला जाऊन आलो की बोलू. तर पोलोच्या मॅन्युअल गाडीत एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सुटते: क्लचचं हायड्रॉलिकसुद्धा ब्रेकच्याच टाकीतून फ्लुइड घेतं. चार चाकं ब्लीड केली आणि क्लच तसाच ठेवला तर जुनं काळपट फ्लुइड त्या लाइनीत बसून राहणार. अण्णांना हे सांगायची वेळ आली नाही, त्यांनीच आधी क्लचचा निपल (जिथून फ्लुइड बाहेर काढतात तो) शोधला, म्हणून तर तिथं जातो. पूर्ण बदलायला दोन बाटल्या धरा, एका बाटलीत भागवायला जाऊ नका. ब्लीडिंगचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं. आणि बॉनेटवर सांडलं तर लगेच पाणी मारा, ग्लायकॉल आहे ते, पेंट उचलतं.

दुसऱ्या एका ठिकाणचा अनुभव वाईट होता, नाव घेत नाही. काउंटरवर आधीच उघडलेली बाटली, "कालच उघडलीय" म्हणून अर्धी किंमत सांगत होते. अशी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की जो आकडा मोजतात त्याला ओला उकळबिंदू म्हणतात, आणि आरबीएफचा तो २०० च्या थोडाच वर आहे. म्हणजे ३१२ ची शेखी ताज्या बाटलीपुरती. साध्या डॉट ४ चा किमान १५५ आहे, त्यापेक्षा बराच बरा, तरी फरक बघा केवढा पडला. आपल्याकडं कृष्णाकाठचा पावसाळा, महिनाभर कपडे वाळत नाहीत, त्या हवेत गाडी उभी असते. झाकणातून, होजमधून थोडं थोडं पाणी जातंच. म्हणून साधं फ्लुइड दोन वर्षं चालवतात तसं हे चालवू नका, मी पावसाळा संपल्यावर ट्रॅकचा सीझन सुरू व्हायच्या आत बदलतो आणि सेशनमध्ये एकदा जरी पेडल मऊ लागलं तरी ब्लीड करतो, गार झाल्यावर पेडल परत वर आलं म्हणून गाडी शहाणी झाली असं समजायचं नाही. घेताना झाकणाखालचं सील आणि तारीख बघा. उरलेलं फ्लुइड पुढच्या वेळेला म्हणून ठेवू नका.

अजून एक बारीक मुद्दा, फार कोणी सांगत नाही. नवीन एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी सिस्टीम) गाड्यांना पातळ जातीचं डॉट ४ सांगितलेलं असतं, व्हॉल्व्हची उघडझाप लवकर व्हावी म्हणून, आणि आरबीएफ ६०० थंडीत त्यापेक्षा घट्ट असतं. लडाखला जाणार असाल तर विचार करा. सांगलीत मे महिन्यात गाडीच्या छतावर हात ठेवता येत नाही, इथं काळजी नको.

फ्लुइड घातलं म्हणजे गाडी तयार झाली असंही नाही, तर बाकीचं पटकन सांगतो. टायरची हवा गार असताना नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवून निघायचं आणि पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथं) आल्या आल्या गरम असतानाच मोजायचं, सहा-आठ पीएसआय वाढलेली दिसते, मग चारही टायरची एकसारखी करून घ्यायची. व्हील बोल्ट टॉर्क पान्यानं, पोलोला १२० न्यूटन मीटर, आणि पहिल्या सेशननंतर परत एकदा. डिकी मोकळी, स्टेपनी बाहेर, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपती सुद्धा, त्याला नमस्कार करून बॅगेत ठेवा, पहिल्याच ब्रेकिंगला तो काचेवर येतो. पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) ह्या गाडीत जवळपास अॅडजस्ट होत नाही, त्यामुळं टायरची बाहेरची कड झिजणार हे धरून चाला. शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता सावकाश मारा, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. इन्शुरन्सचं कलम वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला साधी पॉलिसी पैसे देत नाही. आणि हे सगळं आंबा घाटात करून बघायचा मोह होत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघा, रस्त्यावर रेस लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो तो वेगळाच.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ४. एक कापला तो पाणी ओढण्याच्या सवयीचा. ज्यांना ट्रॅकवर जायचंच नाही, फक्त मिरज-पंढरपूर रोडला कॉफी प्यायला जायचंय, त्यांनी घेऊ नका, कंपनीचं डॉट ४ वेळेवर बदला, तेवढं पुरतं. आणि आरबीएफ ६६० घ्यायचं का असं बरेच जण विचारतात. ते ३२५ डिग्रीचं, म्हणजे फक्त १३ डिग्री वर, पैसे मात्र चांगले जास्त, ओला आकडा जवळपास तेवढाच. ११० पीएसच्या गाडीला ६०० पुरून उरतं. ६०० पण उकळायला लागलं तर वरच्या नंबरची बाटली शोधू नका, डिस्ककडं हवा नेणारे डक्ट लावा आणि सेशन दोन लॅप कमी करा.